रस्सीखेचीचा दोर आणि बंद पडलेला ट्रक

१९५४ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात, रॉबर्स केव्ह नावाच्या डोंगराळ उद्यानात २२ मुलांचं उन्हाळी शिबिर भरलं. मुलं अकराएक वर्षांची. सगळी ओक्लाहोमा सिटीतली, गोरी, प्रोटेस्टंट, मध्यमवर्गीय घरांतली, अभ्यासात बरी. कुणी फार बुजरं नाही, कुणी फार वांडही नाही. मात्र कुणीच कुणाला आधीपासून ओळखत नव्हतं. हा काही योगायोग नव्हता. शाळांच्या नोंदी चाळून, शिक्षकांना विचारून, घरी जाऊन पालकांशी बोलून ही निवड केलेली होती. पुढे भांडणं झाली तर त्यांचं खापर धर्मावर, वंशावर, गरिबीवर किंवा जुन्या वैरावर फोडता येऊ नये, यासाठी ही सगळी खटपट.

कारण ते नुसतं शिबिर नव्हतंच. ओक्लाहोमा विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ आणि त्यांचे सहकारी यांचा तो प्रयोग होता. मुलांच्या सोबतीला असलेली मोठी माणसं निरीक्षणं टिपून घेत होती. खुद्द शेरीफ शिबिराचे रखवालदार बनून वावरत होते. मुलांना यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

शेरीफ यांचा जन्म १९०६ चा, ऑटोमन साम्राज्यातल्या इझमीर भागातला. १९१९ मध्ये ग्रीक फौज इझमीरला उतरली तेव्हा झालेली कत्तल त्यांनी पोरवयात पाहिली होती. पुढे तुर्कस्तानात नाझींच्या बाजूने वारं वाहत असताना विरोधात बोलले म्हणून तुरुंगवासही झाला, आणि १९४५ मध्ये ते कायमचे अमेरिकेत आले. चांगली, साधी माणसं ‘आपण’ आणि ‘ते’ अशी विभागली की एकमेकांच्या जिवावर कशी उठतात, आणि उठलेली माणसं पुन्हा खाली बसवता येतात का, हा त्यांचा जन्मभराचा प्रश्न होता. प्रयोगशाळेत बसून त्याचं उत्तर मिळणार नाही, हेही त्यांना कळून चुकलं होतं.

या प्रकरणाचा सारांश बहुतेक ठिकाणी एका वाक्यात उरकलेला असतो: मुलांना मोकळं सोडलं की ती रानटी होतात. मला हे वाचन उथळ वाटतं. मुळात मुलांना मोकळं सोडलेलंच नव्हतं. शिवाय त्या तीन आठवड्यांतला सर्वांत शिकण्यासारखा भाग भांडणाचा नसून भांडण मिटण्याचा आहे, आणि तो नेमका घाईत सांगितला जातो.

पहिला आठवडा: टोळी जमते

मुलांचे अकरा-अकराचे दोन गट पाडले. शरीरबळ, खेळातलं कौशल्य, स्वभाव असं सगळं तोलून दोन्ही पारडी शक्य तितकी सारखी ठेवली. दोन गट वेगवेगळ्या बसने, एक दिवसाच्या अंतराने आले आणि जवळजवळ दोनशे एकरांच्या त्या आवारात एकमेकांना दिसणार नाहीत अशा ठिकाणी उतरले. पहिले काही दिवस दुसरा गट अस्तित्वात आहे याचा कुणालाच पत्ता नव्हता.

या दिवसांत मुलांना कामं अशी दिली गेली की एकट्यादुकट्याने ती होऊच नयेत. जड होडी जंगलातून पाण्यापर्यंत वाहून न्यायची, तंबू उभारायचा, कच्चं सामान हातात आल्यावर चूल पेटवून जेवण रांधायचं. कोण काय करणार हे मोठे सांगत नव्हते. त्यामुळे एकजण आपोआप हुकूम सोडू लागला, एकजण विनोदवीर ठरला, एकाच्या हाताला स्वयंपाकाची चव होती म्हणून चूल त्याच्याकडे गेली. पोहायच्या जागा ठरल्या, त्यांना नावं पडली, गाणी आणि खुणा तयार झाल्या.

पण माझं लक्ष जास्त वेधून घेतात ते अलिखित नियम. एका गटात दणकटपणाला मान होता: लागलं-खुपलं तरी रडायचं नाही, तोंडात शिव्या हव्यातच. दुसऱ्या गटातली दोन मुलं घरच्या आठवणीने इतकी कासावीस झाली की त्यांना परत पाठवावं लागलं. उरलेल्या नऊजणांनी मग घरची आठवण काढणं हेच कमीपणाचं ठरवलं. दोन्हीकडची मुलं एकाच शहरातली, एकाच थरातली. आठवडाभरात एका बाजूला शिवी म्हणजे मर्दुमकी आणि दुसऱ्या बाजूला घरची आठवण म्हणजे कमीपणा. हे नियम कुणी शिकवले नव्हते. शेजारचा काय करतो ते पाहून मुलांनी ते उचलले होते आणि मग ‘आपण असेच आहोत’ असं मानून टाकलं होतं.

टोळीची ऊर्मी म्हटलं की आपल्याला दगडफेक आठवते. पण तिचं मूळ रूप हे आहे. अनोळखी पोरांना चार-पाच दिवसांत एकमेकांच्या विश्वासाने होडी वाहायला लावणारी, भित्र्याला पाण्यात उतरायचं धाडस देणारी, चांगल्या स्वयंपाक्याला मान देणारी. जोडणारी ऊर्मी वेगळी आणि तोडणारी वेगळी, असं काही नसतं. एकाच गोष्टीचं तोंड कुठे वळलं एवढाच फरक.

तोंड वळायला वेळ लागला नाही. एका गटाला आपल्या ठरलेल्या जागी कागदी पेले पडलेले दिसले. आदल्या खेपेला त्यांनीच टाकलेले होते ते. तरी ‘बाहेरचं’ कुणीतरी येऊन गेलं म्हणून मुलं चिडली. शत्रू अजून दिसलाही नव्हता, पण त्याच्यासाठी राग तयार होता.

मग लांबून दुसऱ्यांच्या खेळण्याचे आवाज कानावर आले. मैदान ‘आपलं’ आहे, तिथे कोण घुसलं, असा सूर लागला आणि सामना घ्या म्हणून मुलांनीच मोठ्यांकडे लकडा लावला. दणकट गट रॅटलर्स झाला, खुळखुळा वाजवणाऱ्या विषारी सापाच्या नावावरून. दुसरा झाला ईगल्स. प्रतिस्पर्धी आहे म्हटल्यावर नाव आणि झेंडा यांना एकदम वजन आलं.

दुसरा आठवडा: चषक, पदकं आणि चाकू

आता स्पर्धा लागली. बेसबॉल, रस्सीखेच, तंबू उभारणं, नाटुकली, खोल्यांची स्वच्छता, खजिन्याचा शोध. जिंकणाऱ्या गटाला चषक, प्रत्येकाला पदक आणि चार पात्यांचा खिशातला चाकू. अकरा वर्षांच्या मुलाला त्या चाकूचं काय अप्रूप असेल, ते वेगळं सांगायला नको. हरणाऱ्यांना काहीही नाही. उत्तेजनार्थ बक्षीसही नाही. प्रयोगाची सगळी कळ इथे आहे: तुला मिळालं म्हणजे मला मिळणार नाही, अशी मांडणी.

रॅटलर्सनी मैदानात आपला झेंडा रोवला. पहिल्या दिवशी ते बेसबॉलही जिंकले आणि रस्सीखेचही. हरलेले ईगल्स परतताना त्या झेंड्यापाशी थांबले, तो उतरवला आणि जाळून टाकला. दुसऱ्या दिवशी रॅटलर्सना जळका तुकडा सापडला आणि हातघाई झाली. त्या दिवशीच्या रस्सीखेचीत ईगल्सनी शक्कल लढवली. इशारा होताच सगळे खाली बसले आणि टाचा जमिनीत रोवल्या. रॅटलर्स ओढून ओढून थकले, मग त्यांनीही तेच केलं.

ईगल्सनी सामन्याआधी देवाची प्रार्थना केली होती आणि त्या दिवशी ते बेसबॉल जिंकले. झालं. प्रार्थना हा नेम ठरला. विजय कशामुळे मिळाला यावर खोलीत चर्चा झाली: आपण प्रार्थना केली आणि ते शिव्या देतात, म्हणून. त्यांच्या म्होरक्याने तर असल्या शिवराळ पोरांशी बोलायचंसुद्धा नाही असं बजावलं. एका आठवड्यापूर्वी ज्या गोष्टीला काहीच अर्थ नव्हता तिचा आता धर्म झाला होता, आणि तिच्या आधारे समोरचे हलके ठरले होते. मोठ्या समाजांना हेच करायला काही पिढ्या लागतात. इथे ते झटपट उरकलं, एवढंच.

रात्री रॅटलर्सनी तोंडाला काळं फासून ईगल्सच्या खोलीवर छापा घातला. खाटा उलथवल्या, खिडक्यांच्या जाळ्या फाडल्या आणि ईगल्सच्या म्होरक्याची जीन पँट पळवली. तिच्यावर रंगाने ईगल्सचा शेवट झाल्याची अक्षरं रंगवून दुसऱ्या दिवशी ती झेंड्यासारखी मिरवली. ईगल्सनी काठ्या आणि बॅटी घेऊन उलटा छापा घातला. परत आल्यावर पुढच्या हल्ल्याच्या तयारीत मोज्यांमध्ये दगड भरून ठेवले. इथे मात्र मोठ्यांना मध्ये पडावं लागलं.

शेवटी खजिन्याच्या शोधावर स्पर्धा ईगल्सनी जिंकली. विजयाच्या आनंदात ते बाहेर गेलेले असताना रॅटलर्सनी त्यांची पदकं आणि चाकू लांबवले. परत हवे असतील तर पोटावर सरपटत या, असा निरोप दिला.

याच सुमारास शेरीफ यांनी एक छोटी चाचणी घेतली. जमिनीवर दाणे विखरून टाकले आणि मुलांना ते गोळा करायला लावले. मग एकेका मुलाने गोळा केलेले दाणे म्हणून चित्र पडद्यावर क्षणभर दाखवायचं आणि बाकीच्यांनी आकडा अदमासाने सांगायचा. गंमत अशी की दर वेळी दाखवलेल्या चित्रात ३५ च दाणे होते. तरी आपल्या गटातल्या मुलाचं नाव असलं की आकडा फुगायचा, दुसऱ्या गटातल्याचं असलं की घसरायचा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, याचा एवढा चोख पुरावा मी दुसरीकडे पाहिलेला नाही. मुलं खोटं बोलत नव्हती. त्यांना खरोखरच तसं दिसत होतं.

गुणांच्या यादीतही तेच. आपली मुलं शूर, दणकट, मैत्रीला पक्की. ती मुलं लबाड, आगाऊ, घाणेरडी. तुझे मित्र कोण, असं विचारल्यावर रॅटलर्सनी घेतलेल्या नावांपैकी ६.४ टक्के नावं ईगल्सची होती, आणि ईगल्सनी घेतलेल्यांपैकी ७.५ टक्के रॅटलर्सची.

तिसरा आठवडा: एकत्र बसवून काय झालं

सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे एकत्र आणा, एकत्र जेवू द्या, ओळख वाढली की गैरसमज मिटतील. शेरीफ यांनी आधी हाच करून पाहिला. एकत्र सिनेमा, एकत्र फटाके, एकत्र पंगत. प्रत्येक वेळी उलटंच झालं. रांगेत धक्काबुक्की, ‘आधी बायकांना जाऊ द्या’ अशी टोमणेबाजी, आणि जेवणघरात उकडलेल्या बटाट्याच्या लगद्यापासून कागदी रुमालापर्यंत हाताला लागेल ते एकमेकांवर फेकणं. भेटीगाठींनी फक्त नवी रणभूमी मिळवून दिली.

मग दुसरा मार्ग. शिबिराचं पिण्याचं पाणी डोंगरावरच्या टाकीतून नळाने येत असे. एके दिवशी ते बंद झालं. अर्थात संशोधकांनीच केलं होतं: झडपेवर मोठे दगड रचले आणि टाकीच्या तोटीत पोत्याचा बोळा कोंबला. मुलांना सांगितलं की बिघाड कुठे आहे ते शोधायला खूप माणसं लागतील. दोन्ही गट निघाले, पण वेगवेगळे. नळाचा आपापल्या वाट्याचा भाग तपासत वर चढले. ऊन वाढलं, घशाला कोरड पडली. शेवटी सगळेच टाकीपाशी पोचले आणि बोळा दिसला.

तो निघेना. एकाने काडीने टोकरलं, दुसऱ्याने चाकूने. हळूहळू कोण कुणाच्या गटाचा हे न पाहता जो तो सल्ला देऊ लागला, जागा करून देऊ लागला. बराच वेळ झटापट केल्यावर पाणी आलं. आणि इथे एक बारीकशी गोष्ट घडली. ईगल्सजवळ पाण्याच्या बाटल्या नव्हत्या, म्हणून ते जास्त तहानलेले होते. रॅटलर्सनी त्यांना आधी पिऊ दिलं. कुरकुर नाही, आणि तो नेहमीचा बायकांवरचा टोमणाही नाही.

इथे थांबून कुणी यशाचा अहवाल लिहिला असता तर फसला असता. त्याच दिवशी रात्रीच्या जेवणाला पुन्हा अन्नफेक झाली.

पुढे सिनेमाचा मामला आला. सगळ्यांना हवा होता, पण शिबिराकडे पुरेसे पैसे नाहीत असं सांगण्यात आलं. मुलांनी वाटाघाटी केल्या आणि प्रत्येक गटाने साडेतीन डॉलर द्यायचे ठरलं. हा हिशेब नीट पाहण्यासारखा आहे. एका गटात अकरा मुलं, दुसऱ्यात नऊ. डोईमागे वर्गणी काढली असती तर ईगल्सना कमी पडली असती. पण तसा विचार कुणी मनावर घेतला नाही. गटागटाने समान, हेच सगळ्यांना न्याय्य वाटलं. म्हणजे टोळ्या विरघळल्या नव्हत्या. दोन टोळ्यांनी मिळून एक करार केला होता. मला वाटतं या संबंध प्रकरणाचं मर्म त्या वर्गणीत आहे. ‘विसरा आता कोण रॅटलर आणि कोण ईगल’ असं मुलांना कुणीही, एकदाही म्हटलं नाही. त्यांचा अभिमान शाबूत ठेवून त्यांना एका व्यवहारात आणलं गेलं.

मग तळ्याकाठची सहल. तिथे जेवण आणायला निघालेला ट्रक ऐन वेळी सुरू होईना. हाही बेतच. भूक लागलेली. कुणाला तरी रस्सीखेचीचा दोर आठवला: ट्रकशीच रस्सीखेच खेळूया की! ज्या दोराने आठवडाभरापूर्वी एकमेकांना ओढायची ईर्षा होती, तोच दोर ट्रकच्या पुढच्या पट्टीतून ओवला. पहिल्यांदा ओढताना एका टोकाला ईगल्स आणि दुसऱ्या टोकाला रॅटलर्स होते. ट्रक ‘सुरू’ झाला, आरडाओरडा झाला, पाठी थोपटल्या गेल्या. नंतर पुन्हा ओढायची वेळ आली तेव्हा दोन्ही टोकांना मुलं सरमिसळ उभी होती. निरीक्षकांनी ही नोंद केली नसती तर आपल्या हातातून प्रयोगाचा सगळ्यात स्पष्ट पुरावा निसटला असता.

परतीच्या दिवशी मुलांनीच बहुमताने एका बसने जायचं ठरवलं. बसताना गट पाहिले नाहीत. वाटेत बस थांबली तेव्हा रॅटलर्सजवळ दाण्यांच्या चाचणीत जिंकलेले पाच डॉलर होते. त्यांतून त्यांनी सगळ्यांना दुधाचं पेय पाजलं, ईगल्सनाही.

शेवटच्या मोजणीत रॅटलर्सनी घेतलेल्या मित्रांच्या नावांत ईगल्सचा वाटा ३६.४ टक्क्यांवर गेला होता, आणि ईगल्सनी घेतलेल्यांत रॅटलर्सचा २३.२ वर. वाढ मोठी आहे. पण आकडा उलटा करून वाचला की दिसतं, की दोन्हीकडे बहुसंख्य मैत्री आपल्याच गटात राहिली. तसंच असायला हवं होतं, असं मी म्हणेन. होडी वाहताना बरोबर असलेला सोबती सोडून देणं हा एकोप्याचा पुरावा कसा होईल?

कशाने जुळलं, आणि कशाने जुळलं नाही

पाणी, पैसे आणि ट्रक या तिन्हींत एक गोष्ट सारखी होती. गरज खरी होती, निदान मुलांना खरी वाटत होती, आणि एका गटाचे हात तिला पुरणारे नव्हते. ‘आपण सारे एक’ असं भाषण त्यात नव्हतं. तहान होती. भूक होती. दुसरं असं की एका प्रसंगाने काही झालं नाही. टाकीवरचं सौजन्य रात्रीच्या जेवणापर्यंतही टिकलं नव्हतं. पण अशा अडचणी एकीमागून एक येत गेल्या आणि मुलांचे हात एकमेकांत अडकत गेले, तसतसे टोमणे आटले. काम आधी जुळलं, मनं नंतर. आपण बहुधा उलट्या क्रमाची अपेक्षा धरून बसतो: आधी मनं जुळू देत, मग काम करू.

आता दुसरी बाजू. ती सांगितल्याशिवाय हे प्रकरण पुरं होत नाही. या शिबिरात टोळ्या दोन नव्हत्या, तीन होत्या. तिसरी मोठ्यांची. स्पर्धेतले काही गुण त्यांच्या हातात होते, आणि शेवटपर्यंत चुरस राहावी म्हणून ते हवे तसे दिले गेले. बक्षीस एकालाच, हा नियम त्यांचा. तोटीतला बोळा त्यांचा. फूट पडली तीही त्यांच्या बेताने आणि मिटली तीही. आजच्या संशोधनाच्या नियमांत असा प्रयोग बसणारच नाही. पालकांना पूर्ण कल्पना नव्हती, आणि मुलांना आपण कशात होतो हे कळायला कित्येक वर्षं जावी लागली.

या मोठ्यांच्या टोळीचं महत्त्व कळतं ते एका फसलेल्या शिबिरावरून. १९५३ मध्ये, म्हणजे वर्षभर आधी, शेरीफ यांनी न्यूयॉर्क राज्यात मिडल ग्रोव्ह इथे असाच घाट घातला होता. फरक एवढाच की तिथे मुलं पहिले काही दिवस एकत्र राहिली, त्यांची मैत्री झाली आणि मग त्यांचे पँथर्स आणि पायथन्स असे दोन गट केले. भांडण काही पेटेना. मोठ्यांनी कपडे पळवले, तंबू पाडला, म्हणजे एका गटाचा दुसऱ्यावर संशय जावा. मुलांनी एकमेकांना दोष द्यायचं नाकारलं, आणि त्यांचा संशय मोठ्यांकडेच वळू लागला. शेवटी शिबिर गुंडाळावं लागलं. शेरीफ यांच्या प्रसिद्ध लेखनात या फसलेल्या शिबिराला जवळजवळ जागाच मिळाली नाही. मला तर ते यशस्वी शिबिरापेक्षा जास्त बोलकं वाटतं. तिथेही टोळीचीच ऊर्मी काम करत होती. फक्त ‘आपण’ या शब्दात सगळी पोरं आधीच आलेली होती, आणि ‘ते’ म्हणजे कारस्थान करणारे मोठे.

स्पर्धेने फूट पडते हा शेरीफ यांचा निष्कर्ष पुढे दोन्ही अंगांनी तपासला गेला. १९७० मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी शाळकरी मुलांना अगदी क्षुल्लक निमित्ताने गटांत विभागलं. तिथे स्पर्धा नव्हती, आपल्या गटात कोण आहे हेही ठाऊक नव्हतं, स्वतःचा फायदाही नव्हता. तरी पैसे वाटायला सांगितल्यावर मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. म्हणजे झुकतं माप द्यायला भांडण लागतच नाही. वैर पेटायला मात्र मांडणी लागते. ताजफेल यांच्या खोलीतून कुणी मोज्यात दगड भरून बाहेर पडलं नाही.

लेबनॉनमधल्या बैरूतमध्ये १९६३ साली मानसशास्त्रज्ञ लुत्फी दियाब यांनी शेरीफ यांच्यासारखंच शिबिर भरवलं. त्यात १८ मुलं होती, काही ख्रिस्ती आणि काही मुसलमान, आणि प्रत्येक गटात दोन्ही धर्मांची सरमिसळ होती. तिथे भांडण इतकं चिघळलं की चाकू निघाले आणि शिबिर बंद करावं लागलं, जोडणीचा तिसरा टप्पा आलाच नाही. पण त्या भांडणाची रेघ धर्मावरून गेली नाही. शिबिरात पडलेल्या नव्या गटांवरून गेली. पुढे ज्या धर्मभेदावरून ते शहर पेटलं, तो भेद काही दिवसांच्या शिबिरात एका नव्या नावापुढे मागे पडला होता. हे वाचून दिलासा वाटावा की धास्ती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. नवी टोळी जुन्या भिंती ओलांडते, आणि ओलांडून लगेच स्वतःची भिंत घालते.

आणि १९८३ मध्ये टायरमन आणि स्पेन्सर या दोघा संशोधकांनी इंग्लंडमध्ये स्काउटच्या शिबिरात शेरीफ यांचं म्हणणं पारखलं. तिथेही गट होते, आणि गटागटांत स्पर्धाही झाली. पण ही मुलं एकमेकांना आधीपासून ओळखत होती. वेगवेगळ्या पथकांत असली तरी सगळी मिळून एकाच स्काउट परिवारातली. रॉबर्स केव्हसारखं वैर तिथे उभंच राहिलं नाही. स्पर्धा संपली की मुलं पुन्हा एकमेकांत मिसळत होती. आणि सहकार्य किती होईल हे बऱ्याच अंशी शिबिरप्रमुख मुलांना काय सांगतो आणि कशाला उत्तेजन देतो यावर अवलंबून असल्याचं दिसलं.